अर्थ : शूर

दादाला मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. ‘मुलींची ५०० नावे, अर्थासहित.’ पाठोपाठ दादाचा मेसेज : “आत्याबाई, लागा कामाला. नाव दमदार पाहिजे. गुळमुळीत नको.”

आमच्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. म्हणजे ठरवतात सगळे मिळून, भांडतात सगळे मिळून. पण पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून ते पहिल्यांदा सांगायचा मान आत्याचा. त्या वेळी बाकीच्या बायकांचे पाठीत धपाटे खायचा मानही तिचाच. तर मी कामाला लागले. पीडीएफ वाचली, दोन ॲप उतरवून घेतली, शेवटी आईच्या कपाटातलं मुखपृष्ठ फाटलेलं नावांचं पुस्तक काढलं. चार दिवसांत एवढी नावं वाचली की डोळे मिटले तरी नाव, टिंब टिंब, अर्थ असं दिसायला लागलं.

नावांची यादी हा वाङ्मयप्रकार समीक्षेला कुणी घेत नाही. घ्यायला हवा. ज्या घरात कवितेचं एक पुस्तक नसतं, तिथेही ही यादी एकदा तरी वाचली जाते, आणि ती वाचताना माणसं जेवढी गंभीर असतात तेवढी दुसरं काही वाचताना क्वचितच असतात.

मुलांच्या यादीत दमदार नावांना तोटा नाही. वीर, रणवीर, रणजित, विक्रम, प्रताप, संग्राम, बळवंत, धैर्यशील, शौर्य. समोर अर्थ : शूर, पराक्रमी, बलवान, शूर, शूर. मुलींच्या यादीत पानंच्या पानं फुलं, चांदणं, नद्या, गोड आवाज आणि सुंदर डोळे. मधूनच एखादी ‘वीरा’, एखादी ‘शौर्या’. मुलाच्या नावाला काना दिला की मुलीचं नाव तयार. मी दादाला लिहिलं, “तुझ्या मुलीच्या वाट्याला शौर्यातला फक्त काना आलाय.” त्यानं हसणारा इमोजी पाठवला आणि विचारलं, “मग वीरा ठेवायचं का? अर्थ तर चांगला आहे.”

अर्थ चांगला आहे का, एवढंच बघायला मी शब्दकोश उघडला. तिथे जी अडकले ती बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत.

वीर म्हणजे कोण?

वेदांत ‘वीर’ या शब्दाचा अर्थ पुरुष, लढवय्या, आणि पुष्कळदा मुलगा असा आहे. ‘सुवीर’ म्हणजे ज्याच्यापाशी चांगली माणसं, चांगले मुलगे आहेत तो. पराक्रमी हा अर्थ त्याला पहिल्यापासून चिकटलेला, कारण पुरुष म्हटलं की तो लढणारच हे गृहीत. या शब्दाची भावंडं फार लांबवर पसरली आहेत. लॅटिनमध्ये ‘विर’ म्हणजे पुरुष. त्याच्यापासून ‘विर्तुस’ म्हणजे पुरुषपणा, शौर्य. तोच शब्द पुढे इंग्रजीत ‘व्हर्च्यू’ म्हणजे सद्गुण होऊन बसला. लिथुआनियात पुरुषाला आजही ‘वीरस’ म्हणतात. सिनेमातला ‘वेअरवुल्फ’ आठवतोय, पौर्णिमेला लांडगा होणारा? त्यातला ‘वेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला पुरुष. आपल्या वीरचा चुलतभाऊ.

ग्रीकांचा शब्द वेगळा, पण गोष्ट तीच. ‘अनेर’ म्हणजे पुरुष, आपल्या ‘नर’चा नातेवाईक. त्यावरून शौर्याला शब्द पडला ‘आंद्रेइया’, म्हणजे पुन्हा पुरुषपणाच. अँड्र्यू, आंद्रे, आंद्रेयास ही नावं याच घराण्यातली. फारसीतून आपल्याकडे मर्द आला, त्याच्याबरोबर मर्दुमकी आली. संस्कृतातलं पौरुष आणि पुरुषार्थ होतेच. ज्या भाषेचं आपल्या भाषांशी काही नातं नाही त्या चिनीतसुद्धा ‘पुरुष’ लिहायचा तर ‘शेत’ या खुणेखाली ‘बळ’ ही खूण काढतात.

यादीत ‘वीर, अर्थ : शूर’ असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, अर्धं आहे. शूर कोण, ते या भाषांनी आधी ठरवलं. शूर म्हणजे काय, हा प्रश्न मागाहून आला.

मग बाई शूर निघाली तर भाषेनं काय करायचं? मराठीनं त्याच्यावर दोन तोडगे काढलेले दिसतात. पहिला तोडगा नात्याचा. वीरमाता, वीरपत्नी. यातला वीर दुसराच कुणीतरी असतो. ती त्याची आई किंवा बायको. सैन्यात धारातीर्थी पडलेल्या जवानाच्या पत्नीला ‘वीरनारी’ म्हणतात, तिथेही ते वीरपण त्याच्याकडूनच आलेलं. माटुंग्याच्या व्हीजेटीआयचं उदाहरण घ्या. ती आधी ‘व्हिक्टोरिया ज्युबिली’ होती, १९९७ मध्ये ‘वीरमाता जिजाबाई’ झाली. आद्याक्षरं तीच राहिली. नाव बदललं ते उत्तमच झालं. पण व्हिक्टोरिया या नावातला विजय त्या राणीचा स्वतःचा आहे आणि ‘वीरमाता’मधले वीर मात्र जिजाऊ नाहीत, त्यांचे पुत्र आहेत. महाराज आग्र्याला अडकले होते तेव्हा स्वराज्याचा कारभार पाहणाऱ्या बाईला आपण विशेषण दिलं, तेसुद्धा मुलाच्या खात्यावर जमा करून.

दुसरा तोडगा : तिला पुरुष करून टाकायचं. मर्दानी. सुभद्राकुमारी चौहान यांच्या झाशीच्या राणीवरच्या हिंदी कवितेमुळे हा शब्द शाळाशाळांत पोचला. २०१४ मध्ये राणी मुखर्जीच्या सिनेमानं तो पोस्टरवर आणला. नवरात्रात तर फ्लेक्सवर ‘मर्दिनी’ आणि ‘मर्दानी’ एकमेकींशेजारी दिसतात, जणू बहिणीच. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. महिषासुरमर्दिनीतलं ‘मर्दन’ संस्कृत आहे : रगडणं, चिरडणं. मर्दानीतला मर्द फारसी आहे : पुरुष. देवीला पुरुष व्हावं लागलं नव्हतं. तिनं रेड्याला रगडलं, एवढंच.

आणि जिला यातला एकही तोडगा लागू पडला नाही तिच्यासाठी एक जुना शब्द तयार होताच. अबला. संस्कृतात हा स्त्रीला चक्क पर्यायी शब्द आहे, जसा पाण्याला जल. बळ नसलेली ती बाई. त्याच चालीवर आपण अजून भित्र्या पुरुषाला विचारतो, “हातात बांगड्या भरल्यात का?” गुडघाभर चिखलात उभं राहून दिवसभर भात लावणाऱ्या हातांत काय असतं, हे हा प्रश्न विचारणाऱ्यानं कधी पाहिलेलं नसतं.

मोठ्या आजोबांची नातवंडं

शूर म्हणजे नेमकं काय, हा मागाहून आलेला प्रश्न सुमारे २,४०० वर्षांपूर्वी प्लेटोनं एका छोट्या संवादात घेतला. त्या संवादाचं नाव ‘लाखेस’. मी तो परत वाचला, कारण त्याची सुरुवात आमच्या ग्रुपसारखीच आहे. दोन बाप मुलांच्या काळजीत पडलेत. दोघांनीही आपापल्या मुलाला आपल्या वडलांचं, म्हणजे मुलाच्या आजोबांचं नाव ठेवलंय, आणि ते आजोबा अथेन्समधली फार मोठी माणसं. बाप मोकळेपणानं कबूल करतात की मुलांना सांगावं असं आम्ही स्वतः काही केलेलं नाही. पोरांनी तरी नावाला शोभावं, म्हणून ते दोन सेनापतींना आणि सॉक्रेटिसला विचारतात, यांना काय शिकवू?

गोष्ट लगेच शौर्यावर येते. सेनापती लाखेस म्हणतो, त्यात काय अवघड? जो आपली जागा सोडत नाही, शत्रूसमोर उभा राहतो, पळत नाही, तो शूर. सॉक्रेटिस विचारतो, पण सिथियन लोक तर मागे हटता हटता लढतात. आणि आजारपणात जो शूर असतो त्याचं काय? गरिबीत? समुद्रावर? राजकारणात? स्वतःच्या वासनेसमोर आणि दुखण्यासमोर जो टिकतो त्याचं काय? मग लाखेस सुधारून म्हणतो, शौर्य म्हणजे मनाचा टिकाव. सॉक्रेटिस म्हणतो, मूर्खासारखं टिकून राहिलं तरी? लाखेस गप्प. दुसरा सेनापतीही पुढे अडकतो. संवाद संपतो तेव्हा कुणालाच व्याख्या सापडलेली नसते.

लढाया लढलेले दोन सेनापती शब्दापाशी हरले यात मला मौज वाटते. त्यांच्या भाषेतला शब्द ‘पुरुषपणा’, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा रणांगणच आलं. आजार आणि गरिबी सॉक्रेटिसला आठवून द्यावी लागली. बाळंतपण त्यालाही आठवलं नाही. त्याची आई सुईण होती, तरीही.

घसरलेले शूर

नाव एकदा ठेवलं की त्याचा अर्थ तिजोरीत राहतो असं यादीला वाटतं. शब्द मात्र फार फिरतात.

इंग्रजीतला ‘ब्रेव्ह’ बघा. त्याचाच जर्मन भाऊ ‘ब्राव’. एके काळी त्याचाही अर्थ शूर असाच होता. आज जर्मन आई मुलाला ‘ब्राव’ म्हणते तेव्हा तिला म्हणायचं असतं, शहाणं बाळ, त्रास न देता बसलंय. इटलीत ‘ब्रावो’ म्हणजे छान, हुशार. आणि तिथेच काही शतकांपूर्वी सरदारांनी पाळलेल्या गुंडांना ‘ब्रावी’ म्हणत. शूर, गुंड, शहाणं बाळ, सगळं एकाच शब्दात.

आपला ‘साहस’ही असाच. मनुस्मृतीत न्यायालयापुढे येणाऱ्या भांडणांचे १८ विषय सांगितले आहेत, त्यातला एक साहस. म्हणजे गुन्हा. मालकाच्या डोळ्यांदेखत बळजबरी करून वस्तू नेली तर ते साहस, त्याच्या पाठीमागे नेली तर चोरी. आज ‘साहसी खेळ’ म्हणून आपण पैसे भरून दरीवरच्या दोरीला लटकतो.

सगळ्यांत लांबचा प्रवास बहादूरचा. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातला हा शब्द, मूळ ‘बगातूर’. चंगीझ खानाच्या बापाच्या नावापुढे ही पदवी लागायची. मंगोलियाच्या राजधानीला १९२४ मध्ये उलानबातर, म्हणजे ‘लाल वीर’ असं नाव मिळालं. रशियन लोककथांत तो ‘बोगातीर’ आहे, हंगेरियन भाषेत ‘बातोर’ म्हणजे शूर. फारसीतून तो हिंदुस्थानात आला, मोगलांच्या दरबारात पदवी झाला. मग इंग्रजांनी त्याला शिक्का मारला : रायबहादूर, रावबहादूर, खानबहादूर. न्यायमूर्ती रानडे रावबहादूर होते. घोड्यावरून उतरून बहादूर आता खुर्चीत बसला होता.

आणि तिथून तो आला आमच्या सोसायटीच्या गेटवर. नेपाळात बहादूर हे नावातलं मधलं पद म्हणून फार वापरात आहे. आपल्या शहरांनी त्यावरून शॉर्टकट काढला : जो नेपाळी वॉचमन तो बहादूर. आमच्या गेटवर नऊ वर्षं एक गृहस्थ होते. “बहादूर, पाणी सोड.” “बहादूर, गाडी काढायला सांग.” दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांच्याजवळ सुटे नव्हते म्हणून मी दिवाळीची रक्कम फोनवरून पाठवली. कोड स्कॅन केला तर स्क्रीनवर त्यांचं नाव आलं. पूर्ण नाव, आडनावासकट. त्यात बहादूर हा शब्द कुठेच नव्हता. नऊ वर्षं आम्ही सगळे एका माणसाला ‘वीर’ अशी हाक मारत होतो, त्याचं नाव विचारायला लागू नये म्हणून.

हे वाचून तुम्हाला वाटेल, ती दुसऱ्यांची गोष्ट. म्हणून घरचीच सांगते.

माझ्या आजीच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. म्हणून तिचं नाव ठेवलं धोंडूबाई. ही आपल्याकडची जुनी रीत : मूल वाचावं म्हणून त्याला दगडाचं नाव द्यायचं. दगडू, धोंडू, धोंडो. म्हणजे कुणाची दृष्ट लागणार नाही, आणि दगडासारखं टिकेल. धोंडो केशव कर्वे, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी, ही नावं याच रांगेतली. ‘टाइमपास’मधल्या दगडूला आपण हसलो, पण पीटर या ग्रीक नावाचा अर्थही दगडच आहे. सेंट पीटर म्हणजे संत धोंडोबा. दमदार नावाची व्याख्या करायची तर माझ्या मते हीच पहिली. यात पराक्रमाची मागणी कुठेच नाही. तू फक्त जग, एवढंच त्या नावात म्हटलेलं असतं.

आजी जगली. लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून आजोबांनी बोटानं तिचं नवं नाव लिहिलं : सुशीला. चांगल्या वळणाची. जर्मन भाषेला ‘ब्राव’चा अर्थ शूरपासून शहाण्या बाळापर्यंत आणायला पिढ्या लागल्या असतील. आमच्या घरात ते काम एका ताटभर तांदळात झालं. भाऊबीजेला तिचा भाऊ यायचा आणि दारातूनच “काय गं धोंडे” म्हणायचा. त्या दिवशी ती जशी हसायची तशी वर्षभर पुन्हा हसायची नाही.

निर्भय कोण असतं?

यादीत अजून एक नाव होतं, त्यावर माझं बोट थांबलं. निर्भया. अर्थ : न घाबरणारी.

१६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या त्या रात्रीनंतर वर्तमानपत्रांना तिचं खरं नाव छापता येत नव्हतं. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणून नावं शोधली गेली, त्यातलं निर्भया टिकलं. २०१३च्या अर्थसंकल्पात १,००० कोटी रुपयांचा निधी जाहीर झाला, तोही निर्भया या नावानं.

हेतू चांगला होता, हे मी नाकारत नाही. तिनं झुंज दिली, जबाब दिला, ती खरोखर धैर्याची होती. पण शब्द नीट ऐका : न घाबरणारी. त्या बसमध्ये तिला भीती वाटली नाही असं आपल्याला म्हणायचंय का? भीती वाटायचा तिचा हक्क आपण विशेषणानं काढून घेतला. शहर सुरक्षित ठेवणं हे आपलं काम होतं. ते जमलं नाही, मग आपण तिला शूर ठरवून मोकळे झालो. शूर माणसाची कुणी माफी मागत नाही. त्याला सलाम करतात आणि पुढे जातात.

तीन वर्षांनी, २०१५च्या डिसेंबरमध्ये, तिच्या आईनं दिल्लीतल्या जाहीर सभेत मुलीचं खरं नाव उच्चारलं. आम्हाला त्या नावाची लाज वाटत नाही, लाज गुन्हा करणाऱ्यांना वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. देशानं दिलेलं शौर्याचं पदक बाजूला ठेवून त्यांनी मुलीला तिच्या नावानं हाक मारली. या साऱ्या शोधात मला भेटलेली नावाबद्दलची ही सर्वांत धीट गोष्ट आहे.

मुळं आणि फांद्या

एवढं सगळं मी दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, “अगं, पण हे कोण बघतं? शब्द कुठून आला यावर तो आज काय आहे हे ठरतं का?”

त्याचं बरोबर आहे. व्युत्पत्ती म्हणजे कुंडली नव्हे. ‘आंद्रेया’ हे नाव पुरुषपणावरूनच आलेलं, पण जगात अनेक देशांत ते मुलींचं नाव आहे. इटलीत मात्र ते मुलाचंच, इतकं की मुलीला ते ठेवता येईल का, हा वाद सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये मुलीच्या बाजूनं निकाल लागला. सगळ्या भाषांनी बाईच्या नावात नाजूकपणाच भरला असंही नाही. जुन्या जर्मानिक नावांत मटिल्डा म्हणजे युद्धातलं बळ. व्हॅलेंटिना बलवान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. १९६३ मध्ये अंतराळात गेलेली पहिली स्त्री याच नावाची. १४ फेब्रुवारीला गुलाब घेऊन फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, व्हॅलेंटाइन म्हणजेही बलवानच.

शौर्याचे सगळे शब्द पुरुषावरून आले असंही नाही. काही अवयवांवरून आले. ‘करेज’मध्ये लॅटिन हृदय आहे, दिलेरमध्ये फारसी दिल, जिगरबाजमध्ये यकृत. मराठीत काळीज दोन्हीकडे चालतं : धडधडतं तेही काळीज, आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळतं ते यकृत. हे अवयव सगळ्यांनाच असतात.

आणि खुद्द ‘मर्द’. त्याच्या मुळाशी गेले तेव्हा मी चकित झाले. जुन्या इराणी भाषेतला तो शब्द आपल्या ‘मर्त्य’चा सख्खा भाऊ आहे. मर्द म्हणजे मुळात मरणारा. मिशीला पीळ देणाऱ्या त्या शब्दाच्या पोटात एवढंच आहे की आपण सगळे एक दिवस जाणार. शौर्याची याहून सरळ व्याख्या प्लेटोच्या सेनापतींनाही सुचली नव्हती : मरण आहे हे ठाऊक असून वागणं. त्यात बाई-पुरुष कुठे आला?

पण दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर अजून बाकी होतं, आणि ते मला संस्कृतच्या एका धातूत मिळालं. ‘सह्’. याचे अर्थ दोन : मात करणं आणि सोसणं. त्यापासून ‘सहस्’ म्हणजे बळ. जर्मनमधला विजयवाचक ‘झीग’ याच्याच नात्यातला. त्यापासून साहस. आणि त्यापासूनच सहन. साहसी आणि सहनशील ही एका घरातली भावंडं. भावाला सायकल मिळाली, बहिणीला पोळपाट. मुळात एकच असलेला गुण आपण दोन नावांनी वाटून दिला, आणि वाटणी कशी केली ते लग्नाच्या कुठल्याही जाहिरातीत वाचता येतं.

इथे एक मोह होतो, तोही सांगून टाकते. सोसणं हेच खरं शौर्य, आपल्या आज्या-पणज्या खऱ्या वीरांगना, असं म्हणून टाळ्या घ्यायचा. सॉक्रेटिसचा प्रश्न इथे आडवा येतो : मूर्खासारखं टिकून राहिलं तरी? बाईच्या सोसण्याला आपण शौर्य म्हणायला लागलो की ज्यांनी तिला सोसायला लावलं ते सुटतात. आजीनं आपलं नाव गेलेलं सोसलं. त्याला मी शौर्य म्हणणार नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग शौर्यासाठी चांगला शब्द कुठला? मला मराठीतला सर्वांत साधा शब्द आवडतो. धीर. त्याच्याबरोबर कुठली क्रियापदं येतात ते बघा. शौर्य गाजवतात. पराक्रम करतात. मर्दुमकी दाखवतात. या सगळ्यांना बघणारी माणसं लागतात. धीर धरतात, तो सुटतो, खचतो, एकवटावा लागतो. त्याला प्रेक्षक लागत नाहीत, पण भीती लागते. जिथे भीतीच नाही तिथे धीराचं काम काय? आणि तो देता येतो. शौर्य कुणी कुणाला देऊ शकत नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर, परीक्षेच्या निकालाच्या रात्री, वसुलीवाला दारात उभा असताना, माणसं एकमेकांना देतात तो धीर.

दादाच्या यादीत ‘धृती’ होतं. अर्थ : धैर्य. गीतेच्या दहाव्या अध्यायात स्त्रीरूप गुण म्हणून मोजलेल्यांत धृती आहे. आम्ही दोन दिवस त्यावर घुटमळलो. मग वहिनी म्हणाली, “छान आहे. पण मोठी झाल्यावर तिला सगळे सांगतील, नावाप्रमाणे वाग, धर धीर.” ते नाव तिथेच राहिलं.

नाव राहिलं पाहिजे

शेवटी मला साताऱ्याची गोष्ट आठवली. त्या जिल्ह्यात मुलगी नको असताना झाली की तिला ‘नकुशी’ नाव ठेवायची रीत होती. नको असलेली. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, सगळीकडे तेच. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे सरकारी समारंभ झाला आणि अशा २८५ मुलींनी नवी नावं घेतली. कुणी नटीचं घेतलं, कुणी देवीचं. एका मुलीनं घेतलेल्या नावाचा अर्थ बातमीत ‘खडकासारखी कणखर’ असा दिला होता. धोंडूबाईची गल्ली.

माझं मत असं झालंय की त्या दिवशी ताकद त्या नव्या नावांच्या अर्थात नव्हती. फुलाचं नाव घेणारी मुलगी खडकाचं घेणारीइतकीच कणखर होती, कारण आधीचं नाव खोडायला ती स्वतः उठून उभी राहिली होती. आजीच्या ताटात नाव दुसऱ्यानं लिहिलं. इथे मुलींनी आपलं आपण निवडलं. कुठल्याही यादीत, कुठल्याही ॲपवर या गोष्टीसाठी रकाना नाही.

मी दादाला लिहिलं, “नाव कुठलंही ठेव. फुलाचं ठेवलंस तरी चालेल. दोनच अटी. लग्नात ते कुणी बदलणार नाही. आणि तिला स्वतःला बदलावंसं वाटलं तर आपण भांडणार नाही.” बराच वेळ दोन निळ्या बरोबरच्या खुणा दिसत राहिल्या. मग त्याचं उत्तर आलं : “आजीला हे कळलं असतं तर?”

नाव ठरलं. ते इथे सांगत नाही. ते तिचं आहे आणि तिला विचारायची अजून सोय नाही.

बाराव्या दिवशी मी पाळण्यात वाकले. पाठीत धपाटे सुरू झाले होते, त्यातला एक आईचा, चांगलाच जोरात. ती गाढ झोपली होती. मी कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं. ती दचकली. दोन्ही मुठी वर गेल्या, चेहरा लाल झाला आणि तिनं टाहो फोडला. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, “घाबरली गं बाई.”

वहिनीनं तिला उचललं आणि खांद्याशी धरलं. थोड्या वेळानं मुठी सुटल्या.